मोफत बॉक्स आणि माझी सही

बाबा रंगाच्या कंपनीत होते तेव्हा त्यांच्या आंघोळीच्या पाण्यावरून आम्हाला कळायचं, आज कुठला माल निघाला. मोरीतून निळं पाणी गेलं की निळा, जांभळं गेलं की जांभळा. त्यांची साबणाची वडी आई वेगळी ठेवायची. बोईसरच्या कारखान्यात ते बारा वर्षं होते, पण कंपनीचे कधीच नव्हते. ठेकेदाराचे होते. रोज सकाळी गेटवर नाव पुकारलं गेलं तर काम. मग खोकला लागला, आणि खोकल्यामागून दम. ठेकेदाराने काही सांगितलं नाही, फक्त नाव पुकारायचं थांबवलं. तीन दिवस बाबा गेटवर उभे राहून परत आले. तिसऱ्या दिवशी न उघडलेला डबा आम्ही तिघांनी संध्याकाळी वाटून खाल्ला.

त्यानंतर घर आईवर आलं. ती गारमेंटमध्ये शर्टांचे धागे कापायची. दिवसभर छोटी कात्री चालवून तिच्या अंगठ्याच्या मुळाशी खड्डा पडला होता, आणि केसांत कायम रंगीत दोरे. मी पालघरच्या कॉलेजात होते. दोन कुर्ते, एक ओढणी दोन्हींवर चालणारी. कोणी हसलं तर हसू दे. मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं आणि मी पदवी घेतली, हे मी आजही मान वर करून सांगते. बाबांनी ते सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं आणि देवांशेजारी न लावता टीव्हीच्या वर लावलं. म्हणाले, "मी बघतो तिकडंच दिवसभर. देवाकडं कोण बघतो?"

ते खरंच होतं. दम लागायला लागल्यापासून बाबा ओटीच्या पलीकडे जात नव्हते. जुना डबा टीव्ही, गावातल्या केबलवाल्याची वायर, आणि बातम्या, भजनं, मालिका, जे लागेल ते. आवाज बारीक ठेवायचे. आम्ही घरात नसायचो तेव्हा त्यांच्याशी बोलणारं तेवढंच होतं.

आमच्या आळीत एकवीस घरांत टीव्ही होते. वीस घरांत केबल आणि एका घरी छत्री. छत्री म्हणजे छपरावरची डिश, ती सरकारी फुकट वाहिन्या दाखवणारी. ती होती शेजारच्या काकीकडे. काकीला नवरा नाही, मूल नाही, अक्षरओळख नाही, आणि जिभेला हाड नाही. सुक्या मासळीचा धंदा करते. लेकीच्या जागी असलेल्या भाचीने तिला ती छत्री लग्न करून जाताना बसवून दिली होती. एकदा बसवली, की परत पैसा नाही. काकी केबलवाल्या घरांना डिवचायची, "तुमी दर महिन्याला वर्गणी भरा. माझ्या घरी देव फुकट नाचतो."

आता आमच्या आळीतली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

आमच्याकडे कुठलाही कागद आला, लाइटबिल असो, रेशनचा फॉर्म असो, की दवाखान्याचा, तो पारावर मोठ्याने वाचला जायचा. आणि वाचणाऱ्याने वाचून झाल्यावर त्या कागदाच्या तळाशी लिहायचं, 'वाचून दाखविले', पुढे काय सांगितलं ते एका ओळीत, आणि खाली आपली सही. ही रीत घातली पालघरच्या कोर्टातून निवृत्त झालेल्या एका पट्टेवाल्या आजोबांनी. ते म्हणायचे, "उद्या कोणी म्हणायला नको, वाचणाऱ्यानं भलतंच वाचलं." ते होते तोवर त्यांनी वाचलं. ते गेले त्या वर्षी मी पदवीधर झाले, आणि कोणी न विचारता कागद माझ्याकडे यायला लागले. कोणी वालाच्या शेंगा द्यायचं, कोणी दोन शहाळी. मला खूप आवडायचं ते. नोकरीच्या अर्जांना उत्तरं येत नव्हती, पण पाराच्या कट्ट्यावर मी बसले की वयाने मोठी माणसं खाली बसायची.

त्या पावसाळ्यानंतर टीव्हीवर पट्टी फिरायला लागली. 'सरकारी आदेशानुसार तुमचा टीव्ही बंद होणार. आजच डिजिटल बॉक्स घ्या.' आमच्या केबलवाल्याची लाइन एका मोठ्या कंपनीने घेतली होती, पट्टी तिचीच. बातम्यांच्या खालून, भजनाच्या खालून, सारखी. त्यात उरलेले दिवस उलटे मोजलेले असायचे. बाबा ते आकडे वाचून मला सांगायचे. "आज बावीस." दुसऱ्या दिवशी, "एकवीस." हॉस्पिटलात माणूस असावं तसं.

मग एका रविवारी कंपनीचा माणूस मोटरसायकलवरून आला. अंगात कंपनीचा टी-शर्ट, डिकीत पत्रकांचा गठ्ठा. त्याने आधी दोन-तीन घरी प्रयत्न केला. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, "तिला दाखवा. ती वाचेल." मग तो माझ्याकडे आला.

"ताई, तुम्ही ग्रॅज्युएट ना? बरं झालं. नाहीतर या लोकांना समजावता समजावता माझा घसा बसतो."

मला तेव्हा राग यायला हवा होता. 'या लोकांना' म्हणजे माझी आई, माझे बाबा. पण मी 'ग्रॅज्युएट' एवढंच ऐकलं.

पत्रक गुळगुळीत होतं. वर लाल अक्षरांत 'सरकारी आदेश', त्याखाली 'बॉक्सशिवाय कोणताही टीव्ही चालणार नाही'. मग 'बॉक्स मोफत', 'सर्व मराठी वाहिन्या', 'महिन्याचे पैसे पूर्वीइतकेच'. 'मोफत'च्या डोक्यावर एक छोटी चांदणी होती. मागच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरांत, राखाडी रंगात, पानभर काहीतरी छापलेलं होतं.

ते मी पाहिलं. हे मी लपवणार नाही. मी पान उलटलं, पाहिलं, आणि परत पालथं घातलं. संध्याकाळचा स्वयंपाक टाकून बायका बसल्या होत्या, पोरं ओरडत होती, आणि ते वाचायचं तर डोळ्यापाशी धरून अडखळत वाचावं लागलं असतं. सगळ्यांसमोर अडखळायचं मला जिवावर आलं.

मी त्याला विचारलं, "मागे काय आहे?"

"काही नाही ताई, नेहमीच्या अटी. सगळ्याच कंपन्यांच्या असतात."

मी पुढची बाजू खणखणीत वाचली.

काकीने विचारलं, "बाय, माझी छत्री? ती पण बंद?"

मी पत्रकाकडे बघून म्हटलं, "इथं लिहिलंय काकी, बॉक्सशिवाय कोणताही टीव्ही चालणार नाही. कोणताही म्हणजे तुझा पण."

कंपनीच्या माणसाने ते ऐकलं. तो पेनांची टोपणं काढत होता.

एकवीस फॉर्म भरले. प्रत्येकाने बॉक्सची अनामत दिली, 'मोफत आहे, ही फक्त ठेव, परत मिळते' असं तो म्हणाला. आणि रीतीप्रमाणे मी प्रत्येक फॉर्मच्या तळाशी लिहीत गेले: 'वाचून दाखविले. बॉक्स मोफत, महिन्याचे पैसे पूर्वीइतकेच, मराठी वाहिन्या सर्व, असे सांगितले.' आणि सही. तो बघत होता. हसून म्हणाला, "हे काय ताई, कोर्टाचं काम?" पण थांबवलं नाही. त्याला वाटलं असेल, या बाईच्या सहीने आपलं काम पक्कंच होतंय.

आठ फॉर्म झाल्यावर माझा हात दुखायला लागला. पुढच्यांवर मी नुसतं लिहिलं, 'वाचून दाखविले', आणि सही.

फॉर्म सगळे त्याने नेले. आमच्याकडे प्रत एकाचीही राहिली नाही.

त्या आठवड्यात काकीने छत्री उतरवून भंगारवाल्याला दिली. वर मला सांगून गेली, "तुज्या शब्दावर दिली हां. पत्रा चांगला होता."

तीन महिने सगळं झकास चाललं. चित्र स्वच्छ, वाहिन्या ढीगभर. बाबा रिमोट छातीवर ठेवून पडायचे. कोणी बॉक्सचं कौतुक केलं की आई म्हणायची, "माझ्या पोरीनं वाचून घेतला."

चौथ्या महिन्यात एका सकाळी मराठी वाहिन्या गेल्या. पडद्यावर चौकोन आला, ही वाहिनी तुमच्या पॅकमध्ये नाही. बातम्या नाहीत, भजन नाही. राहिल्या सरकारी एक-दोन आणि वस्तू विकणाऱ्या वाहिन्या. बाबा दिवसभर एका तव्याची जाहिरात बघत होते. अंडं टाकतात, ते घसरतं, सगळे टाळ्या वाजवतात. मी घरी आले तर म्हणाले, "हा तवा आता मला पाठ झाला." मग विचारलं, "तू वाचलं होतंस ना नीट?" आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं.

कंपनीच्या नंबरवर फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, मराठी वाहिन्यांची योजना पहिल्या तीन महिन्यांची होती. आता पॅक वेगळा, आणि बॉक्सचं भाडंही दर महिन्याला वेगळं. मी म्हटलं, बॉक्स मोफत आहे. ती म्हणाली, "मॅम, अटी मागच्या बाजूला आहेत."

घरातलं पत्रक मी शोधून काढलं. मोबाइलवर फोटो काढला, मोठा केला आणि पहिल्यांदा ते सगळं वाचलं. बॉक्स कंपनीच्या मालकीचा. मोफत वापर तीन महिने. त्यानंतर भाडं. अनामतीतून दरवर्षी कपात. आणि अगदी शेवटच्या ओळीत: 'ही सूचना केवळ केबल ग्राहकांसाठी आहे. डिश असलेल्या ग्राहकांना लागू नाही.'

म्हणजे काकीची छत्री चालली असती. आहे तशी, फुकट, पुढेही. तिने काहीच करायची गरज नव्हती.

तेवढ्यात कंपनीच्या त्या माणसाची मोटरसायकल आली. लोकांनी त्याला पाराशी गाठलं. तो शांत होता. म्हणाला, "माझ्यावर कशाला ओरडता? तुमच्याच शिकलेल्या पोरीने वाचून दाखवलंय, सहीसकट. प्रत्येक फॉर्मवर आहे. विचारा तिला."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पट्टेवाला असता तर असं झालं नसतं. तो चौथीच शिकलेला, पण शेवटच्या टिंबापर्यंत वाचायचा." ते वाक्य मला अजून बोचतं, कारण ते खरं होतं.

मला पळवाट होती. म्हणता आलं असतं की कंपनीने फसवलं, मलाही फसवलं. तेही खोटं नव्हतं. पण काकी समोर उभी होती, कमरेवर हात ठेवून, आणि तिने एवढंच विचारलं, "बाय, तू पाठचं वाचलं होतं का?"

"नाही काकी. दिसलं होतं. वाचलं नाही."

"का गो?"

"बारीक होतं. लोकांसमोर अडखळायची लाज वाटली."

काकी म्हणाली, "लाजेपायी माझी छत्री घालवलीस," आणि घरात गेली. त्यानंतर महिनाभर माझ्याकडे कोणी कागद आणला नाही. लाइटबिलं लोक न वाचता भरत होते. आई कामावरून येऊन माझ्याशी नेहमीसारखं बोलायची, पण बॉक्सचं नाव काढायची नाही. टीव्हीवरचं सर्टिफिकेट उतरवून ठेवावं असं मला दोनदा वाटलं. दुसऱ्यांदा हात लावला तर बाबा म्हणाले, "ते माझं हाय. तुझं नाय. राहू दे."

मग मी कामाला लागले. केबलच्या तक्रारी जिल्हाधिकारी कार्यालयात घेतात, हे शोधून काढलं. अर्ज लिहिला, एकवीस नावं लिहिली, आणि सह्यांसाठी दारोदार फिरले. दोन घरांनी दारात उभं ठेवलं. एका बाईने सही करण्याआधी म्हटलं, "आधी माज्या लेकाकडून वाचून घेते." मी थांबले. तिचा लेक सातवीत होता, त्याने वाचला. मग तिने सही केली.

पालघरला तीन खेपा झाल्या. चौथ्या वेळी तिथल्या साहेबांनी कंपनीच्या प्रतिनिधीला सगळे मूळ फॉर्म घेऊन बोलावलं होतं. आळीच्या वतीने मी जाणार होते. सकाळी रिक्षात बसत होते तर काकी येऊन शेजारी बसली. मांडीवर पिशवी.

"तू कशाला?"

"माझी छत्री गेली. तुजी काय गेली?"

साहेबांच्या टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा पडला. प्रतिनिधी दुसराच होता, कोट घालून आलेला. त्याने वरचा फॉर्म काढून बोट ठेवलं. "सर, ग्राहकांना सगळं वाचून दाखवल्याचं यांनी स्वतः लिहून दिलंय. प्रत्येक फॉर्मवर."

साहेबांनी ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली, मोठ्याने. "'बॉक्स मोफत, महिन्याचे पैसे पूर्वीइतकेच, मराठी वाहिन्या सर्व, असे सांगितले.' हा फॉर्म तुम्ही स्वीकारला ना? तुमचा शिक्का आहे याच्यावर. मग भाडं कुठल्या आधारावर लावलं?"

प्रतिनिधीने फॉर्म उलटा करून बघितला, जणू मागे उत्तर असेल.

पट्टेवाल्या आजोबांची ओळ. आठ घरं तिथेच सुटली. मला रडूच आलं असतं, पण साहेब पुढचे फॉर्म चाळायला लागले होते. नववा, दहावा, अकरावा. "यांच्यावर नुसतंच 'वाचून दाखविले' आहे. काय वाचलं ते नाही." प्रतिनिधी सरसावला. "बरोबर सर. म्हणजे अटींसह सगळं वाचलं असणार."

काकीचा फॉर्म पंधरावा होता.

साहेब मला म्हणाले, "तुम्ही अटी वाचल्या होत्या का?"

"नाही."

"तसं लेखी द्यावं लागेल. की वाचून दाखविले असं लिहिलं, पण अटी वाचल्याच नव्हत्या. नोकरीच्या शोधात आहात असं दिसतंय अर्जावरून. हा कागद फाइलला राहील, विचार करून द्या."

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, केला. पदवीधर बाईने सही करून लिहून द्यायचं, की मी न वाचता वाचल्याचं लिहिलं. माझ्यापाशी दाखवायला होतं ते एवढंच, वाचता येणं.

काकीने तोवर पिशवीतून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. तेच पत्रक. जवळ्याच्या डब्याच्या तळाशी घालून ठेवलेलं, तेलकट झालेलं. खोलीभर सुक्या मासळीचा वास सुटला. साहेबांनी ते कोपऱ्याला धरून उचललं.

काकी म्हणाली, "साहेब, हे आमाला दिलं. पोरीनं समोरचं वाचलं, ते बरोबर वाचलं. तांबडी अक्षरं तिनं नाय छापली." मग माझ्याकडे वळून, "लिही बाय. हाय ते लिही. आणि खाली सही कर, नेहमी करतेस तशी."

मी लिहिलं. 'मी फक्त पुढची बाजू वाचली. मागच्या अटी दिसल्या होत्या, वाचल्या नाहीत. तेरा ग्राहकांना त्या माहीत नव्हत्या. एका ग्राहकाला डिश असूनही बॉक्स घ्यावा लागेल, असे मी पत्रकावरून सांगितले.' सही केली आणि कागद पुढे सरकवला.

"थांबा," काकी म्हणाली. "माजा अंगठा पायजे ना साक्षीला? मग आदी मला वाचून दाखव."

साहेबांच्या टेबलासमोर, प्रतिनिधीच्या समोर, मी ते वाचलं. हळूहळू, पहिल्या शब्दापासून, तारखेसकट. दोनदा अडखळले. काकीने मधे विचारलं, "हे 'अटी' आलं ते परत म्हण." मी परत म्हटलं. ती म्हणाली, "हां. असंच झालं." आणि अंगठा दिला. अंगठ्यापुढे मी लिहिलं, 'वाचून दाखविले', आणि काय वाचलं ते, पूर्ण ओळ.

येताना रिक्षात तिने माफी वगैरे काही दिली नाही. उमरोळीच्या आसपास म्हणाली, "घरी लाइटबिल आलंय. संध्याकाळी ये. पाठचं पण वाच, काय असेल ते."

पुढे दोन महिने लागले. एकवीस घरांचं बॉक्सचं भाडं रद्द झालं. ज्यांनी बॉक्स परत केले त्यांची अनामत पूर्ण मिळाली. मराठी वाहिन्या जुन्या पैशांत वर्षभर द्यायचं कंपनीने लिहून दिलं, आणि बाबांचा तवा सुटला. काकीची छत्री भंगारात कापली गेली होती. तिच्या अनामतीतून नवी आली, ती तिच्या छपरावर आहे आणि चालते. एकवीस फॉर्मांच्या प्रती माझ्याकडे आहेत.